पाणी हाय तवर भिंत

आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘बल व दाब’ नावाचा एक धडा आहे. या विषयात ‘द्रायू’ असा एक शब्द भेटतो. द्रव आणि वायू या दोघांना एकत्र बसवून तो केलेला आहे. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. असा शब्द दिसला की थांबतो. जे वाहू शकते ते द्रायू, आणि जे आपला आकार सहजासहजी सोडत नाही ते स्थायू. परीक्षेत दोन गुण मिळवायला एवढे पुरते. पण मी ज्या शिरोळ तालुक्यात राहतो, तिथे हा धडा दोन गुणांचा नाही. दर पावसाळ्यात तो आमच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहतो.

कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या नद्यांचे पाणी आमच्या तालुक्याच्या शिवारांना लागते. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे. राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेले आणि त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ओळखले जाणारे आमचे जयसिंगपूर त्यातल्या त्यात उंचावर आहे. त्यामुळे २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर आले, तेव्हा आजूबाजूच्या गावांतली माणसे जनावरे, ट्रंका आणि लेकरे घेऊन इकडे आली. आज मी जे बोलणार आहे ते मुख्यतः त्या लेकरांसाठी आहे. मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही.

आधी स्थायू आणि द्रायू यांतला फरक पाहू. तो पाहायला प्रयोगशाळा नको, गुऱ्हाळावर जावे. उसाचा रस काहिलीत ओतला की तो पाण्यासारखाच हिंदकळतो. आच लागते, पाणी उडून जाते, रस दाट होतो. मग काकवी होते. काकवी वाहते, पण आळसावलेल्या माणसासारखी वाहते. तिच्या एका थराला दुसऱ्या थरावरून सरकायला जड जाते. शास्त्राच्या भाषेत हिची विष्यंदिता जास्त. आणखी शिजले की गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांत त्याची गोळी वळते का ते पाहतो. गोळी वळली की काहील उतरते, आणि थोड्या वेळाने ढेपेवर हात आपटला तर हात दुखतो. रस, काकवी, गूळ. माल तोच, ऊसही त्याच शिवारातला. फरक एवढाच, की आकार बदलायला निघालेल्या हाताला गूळ विरोध करतो आणि रस करत नाही. बाजूने रेटले तर जे रेट्यापुढे वाहत राहते ते द्रायू, आणि जे थोडे वाकून तग धरते किंवा शेवटी मोडते ते स्थायू. ही व्याख्या लक्षात ठेवा. पुढे भिंतीजवळ तिची गरज पडणार आहे.

आता पाण्याच्या वजनाकडे येऊ. घागर काखेत घेतलेल्या बाईला पाण्याचे वजन सांगावे लागत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा टाकीतले पाणी म्हणजे एक टन. म्हणून पाण्यात एक मीटर खाली गेले की दर चौरस मीटरवर एक टन भार येतो. दोन मीटरवर दोन टन, तीन मीटरवर तीन टन. आणि हा भार फक्त खाली नसतो. पाणी आडवेही तेवढ्याच जोराने रेटते. तळ्याचा विस्तार किती, हा प्रश्न इथे येतच नाही. तीन मीटर खोल विहिरीच्या तळाशी जेवढा दाब, तेवढाच धरणात तीन मीटर खोलीवर. दाब खोलीचा असतो, पसाऱ्याचा नाही.

याचे आपल्या घरचे उदाहरण म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. महाराष्ट्रभर तो आपल्या जिल्ह्याच्या नावाने ओळखला जातो. दगडी खांब, खांबांना खाचा आणि त्या खाचांत एकावर एक बसवलेले बरगे. पावसाळा सरला की बरगे घालायचे, पावसाळ्याच्या तोंडावर काढायचे. आता एक हिशेब करा. बरगा दोन मीटर लांब आणि पंधरा सेंटिमीटर रुंद आहे असे धरा. पाण्याच्या पातळीलगतच्या सगळ्यात वरच्या बरग्यावर सुमारे बावीस किलोचा रेटा असतो. तोच बरगा तीन मीटर खोल असेल तर रेटा होतो सुमारे नऊशे किलो. लाकूड तेच, नदी तीच. वरचा बरगा दोन गडी बोलत बोलत उचलतील. खालचा मात्र खाचेत असा दाबून बसलेला असतो, की त्याच्यापुढे गडी हरतात. पण बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांना पाणी सारखे झाले, की तोच बरगा निमूट वर येतो. कारण एका बाजूने नऊशे किलो रेटत असतील, तर दुसऱ्या बाजूनेही नऊशेच रेटतात. हेही ध्यानात ठेवा.

राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांमागे हाच हिशेब आहे. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या धरणाचे काम हाती घेतले. तिथे दार उघडायला कुणी बटण दाबत नाही. एका बाजूला ठरावीक वजन, दुसऱ्या बाजूला पाण्याचा दाब. पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की दाबाचे पारडे जड होते आणि दार उघडते. पाणी उतरले की वजनाचे पारडे जड होते आणि दार मिटते. तराजूच तो, फक्त एका पारड्यात तलाव ठेवलेला. अशा एका दारातून १४२८ क्युसेक पाणी सुटते, असे आपण दर पावसाळ्यात बातम्यांत ऐकतो. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर. म्हणजे एका दारातून सेकंदाला चाळीस हजार लिटर. ‘एक’ म्हणेपर्यंत दहा हजार लिटरचे चार टँकर गेले! आणि टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. ११,५७४ क्युसेक पाणी चोवीस तास वाहिले की एक टीएमसी होते. हा आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. बातमीतल्या क्युसेकला साडेअकरा हजारांनी भागले, की दिवसाला किती टीएमसी पाणी निघाले हे तुमचे तुम्हाला कळेल. मग अफवेवर विश्वास ठेवावा लागणार नाही.

नदीत एका सेकंदाला किती पाणी जाते, हे तिची रुंदी, खोली आणि वेग यांच्या गुणाकाराने ठरते. घाटाखालून निघताना पाण्याला उतार मिळतो, ते धावते. आमच्या सपाट काळ्या रानात आले की उतार संपतो आणि वेग मंदावतो. वरून येणारे पाणी मात्र थांबत नाही. गुणाकारातली एक संख्या कमी झाली की दुसऱ्या वाढतात. खोली वाढते, मग रुंदी वाढते. त्या वाढलेल्या रुंदीला आपण महापूर म्हणतो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ साली ५६ फुटांच्या वर. नदी पात्रात असताना एक फूट वाढणे आणि रानात पसरल्यावर एक फूट वाढणे यांत फार अंतर आहे. दुसऱ्या वेळी त्या एका फुटाखाली कित्येक गावांची शिवारे आलेली असतात.

पाण्याची आणखी एक खोड आहे. ते सगळीकडे एकच पातळी शोधते. पूजेची झारी घ्या किंवा वुजूचा तोटीचा लोटा घ्या. पोटात पाणी जितके उंच, तितकेच तोटीत. पूर येतो तेव्हा घर आणि नदी हा असाच एक लोटा होतो. दाराशी वाळूची पोती रचून माणूस निर्धास्त होतो, आणि पाणी मोरीच्या भोकातून, संडासाच्या भांड्यातून वर येते. ते चमत्काराने येत नाही. गटार ही तोटी असते आणि बाहेरचे पाणी आपली पातळी आत शोधत असते. म्हणून पोती दाराशी लावताना मोरीचे तोंडही बंद करायला हवे.

मुलांनो, आता पोहण्याकडे येऊ. कृष्णाकाठच्या कितीतरी पिढ्या पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकल्या. मिरजेचे कारागीर याच जातीच्या वाळक्या भोपळ्यांपासून सतार आणि तंबोरे करतात. आतून पोकळ, वरून टणक, वजनाला हलका. नदीत तो माणसाला तारतो, मैफलीत सुराला. दोन भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधले की त्याला सांगड म्हणतात. ‘सांगड घालणे’ हा आपला रोजचा वाक्प्रचार या नदीतूनच वर आलेला आहे.

भोपळा तारतो कसा? पाण्यात बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या बलाने पाणी तिला वर ढकलते. ही आर्किमिडीजची गोष्ट, म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वीची. समजा, भोपळ्याने दहा लिटर जागा व्यापली आणि त्याचे वजन एक किलो आहे. पूर्ण बुडाला तर तो नऊ किलो उचलून धरतो. साठ किलोच्या माणसाला नऊ किलो कसे पुरतील? पुरतात. कारण माणसाच्या शरीराची घनता जवळजवळ पाण्याएवढीच आहे. मानेपर्यंतचा भाग पाणीच पेलते. वर धरायचे असते ते फक्त डोके, आणि डोके चार-पाच किलोंचे. बुडणारा माणूस घाबरून दोन्ही हात पाण्याबाहेर काढतो, तेव्हा त्या हातांचे वजन तो स्वतःवर लादून घेत असतो. हात पाण्यात ठेवावेत, तोंड आभाळाकडे करावे आणि छातीत हवा भरून घ्यावी. हवेने भरलेली छाती हाही भोपळाच आहे. हाताशी भोपळा नसेल तर झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन तेच काम करतो. पाच लिटरचा कॅन जवळपास पाच किलो उचलतो.

नावेचेही गणित हेच. चार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असा चपटा तराफा घ्या. साठ किलोचा एक माणूस चढला की तो एक सेंटिमीटर खाली बसतो. दहा चढले की दहा सेंटिमीटर. पाण्याच्या वर उरलेला काठ म्हणजे आपली शिल्लक. ती संपत आली की एक लाट पुरते. शिवाय माणसे उभी राहिली की साऱ्या वजनाचा मध्य वर सरकतो, आणि नाव जराशा झोकानेही कलंडते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसे बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. अनेकांचे जीव गेले, त्यांत बायका होत्या, लेकरे होती. भोवती पाणी चढत असताना ‘पुढच्या खेपेला येतो’ म्हणणे किती अवघड असते, हे बाहेरच्याने सांगू नये. त्या माणसांना दोष देण्यासाठी मी हे बोलत नाही. पण प्रत्येक बोटीच्या अंगावर ठळक रंगात एक रेघ असावी, आणि ती रेघ पाण्याला टेकली की एकही माणूस आत घेऊ नये, हे पुराच्या गावातल्या पोराला तोंडपाठ पाहिजे.

वाहत्या पाण्याची गोष्ट आणखी निराळी. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. गुडघाभर पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असेल तर दोन्ही पायांवर मिळून सात-आठ किलोंचा रेटा येतो; माणूस तोल सावरतो. तेच पाणी सेकंदाला दोन मीटर, म्हणजे भरभर चालण्याच्या वेगाने आले की रेटा तीस किलो होतो. त्यात पाण्याने अंगाचे वजन थोडे उचललेले असते, त्यामुळे पायांची जमिनीवरची पकड सुटत आलेली असते. मोटारीचे काय? तिच्या तळाचे क्षेत्रफळ पाच चौरस मीटर धरले, तर पाणी तळाच्या वर वीस सेंटिमीटर चढले की एक टनाची मोटार तरंगू लागते. चाके जमिनीला टेकलेली नसली, की स्टिअरिंग नुसते हातात फिरते. पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात गाडी घालणाऱ्याला हा आकडा ठाऊक असता, तर तो कदाचित अलीकडेच थांबला असता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये जयसिंगपुरातल्या एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. मी तिथे जेवण वाढायला जात असे. नदीकाठच्या एका गावची आठवीतली मुलगी आजीबरोबर आलेली होती. घरातून निघताना तिने दप्तर तेवढे उचलले होते. एके दुपारी निरोप आला, की गावातले पाणी उतरले आणि त्यांच्या घराची मागची भिंत पडली. मुलगी मला म्हणाली, “चाचा, पाणी होतं तेव्हा भिंत उभी होती. पाणी गेल्यावर कशी पडली?” मी उत्तर शोधत होतो, तोवर आजीच बोलली, “पानी हाय तवर भित हुबी असती बाई. पान्यानंच धरलेली असती ती. पानी गेलं की तीबी जाती.”

आजी शाळेत गेलेली नव्हती. पण तिने जे सांगितले ते पदार्थविज्ञानाच्या कुठल्याही प्राध्यापकाने मान्य करावे असे होते. चार फूट पाण्यात उभी असलेली दहा फूट लांबीची भिंत घ्या. पाणी तिला बाहेरून साधारण दोन टनांनी रेटत असते. घरातही तितकेच पाणी असते, ते आतून दोन टनांनी रेटते. दोन्ही रेटे एकमेकांना फेडतात, बंधाऱ्याच्या बरग्यासारखे. मग बाहेरचे पाणी झपाट्याने उतरते. आतले पाणी मात्र बंद दार आणि उंच उंबरा यांच्यामागे अडकून राहते. आता दोन टन एकाच बाजूने. आणि भिंत तरी कसली उरलेली असते? चार-आठ दिवस भिजलेली माती. कोरडी माती स्थायू. बाजूने रेटले तर तग धरते. तिच्या कणांमध्ये पाणी शिरले की कणांची एकमेकांवरची पकड सुटते, आणि ती काकवीच्या वाटेला लागते. भरीला, पाण्यात असताना तिचे जे वजन पाण्याने पेलले होते, ते पाणी उतरताच पुन्हा तिच्याच पायावर येते, वर मुरलेल्या पाण्याचे ओझे घेऊन. एवढे सगळे मिळून भिंत बसते.

मी त्या मुलीच्या वहीत हे आकृती काढून दाखवले. तिने आजीकडे पाहिले आणि आकृतीखाली आजीचे वाक्य लिहून घेतले.

यातून करायचे काय, तेही सांगतो. पाणी उतरले म्हणून लगेच घरात शिरू नये. आत पाणी तुंबलेले असेल तर शक्यतो बाहेर राहूनच त्याला वाट करून द्यावी. ओल्या मातीच्या भिंतीला लागून झोपू नये, जनावरे बांधू नयेत. भिंत फुगलेली किंवा कललेली दिसली, तर ऊन पडले तरी तिच्यावर विश्वास ठेवू नये. सुकताना काळी माती आकसते, तिला भेगा पडतात आणि तिच्यावर उभे असलेले घर पुन्हा हलते.

याच तालुक्यात कृष्णेच्या काठी खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर सुमारे आठशे वर्षांपासून उभे आहे. त्याने किती पूर पाहिले असतील याची गणतीच नाही. दगड दाब सोसण्यात पहिलवान, ताण सोसण्यात मात्र कच्चा. त्याच्यावर हत्ती उभा केला तरी चालते. पण त्याची लांब तुळई करून मधे भार दिला तर ती खालच्या अंगाने तडकते. जुन्या स्थपतींना हे माहीत होते. म्हणून त्यांनी खांब जवळ जवळ ठेवले, तुळया आखूड ठेवल्या आणि भार दगडावरून दगडावर सरळ खाली उतरवला. काळा पाषाण पाण्याच्या पावणेतीन-तीन पट जड असतो. बुडाला तर त्याचे एक तृतीयांशाहून थोडे अधिक वजन पाणी पेलते, तरी उरलेल्या वजनावर तो जागा सोडत नाही, आणि मातीसारखा विरघळत तर मुळीच नाही. आपल्याला प्रत्येकाला दगडी घर परवडणार नाही, हे खरे. पण जोत्याचे दोन-चार फूट तरी दगडात किंवा पक्क्या विटेत सिमेंटने बांधावेत, हे त्या मंदिराकडून घेता येते.

शेवटी शिक्षकमंडळींना एक विनंती. पूरपट्ट्यातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर २००५, २०१९ आणि २०२१ सालच्या पाण्याच्या रेघा, गावकऱ्यांना विचारून, पक्क्या रंगात आखा. मुलांना टेप द्या. आपल्या वर्गाच्या भिंतीवर तेव्हा किती टनांचा रेटा होता, हे त्यांना मोजू द्या. सोन्याच्या मुकुटाची गोष्ट जरूर सांगा. ती छान आहे. पण तिच्या जोडीला बरगा, भोपळा, नाव आणि भिजलेली भिंतही असू द्या. घरी आजी-आजोबांना पुराबद्दल विचारून यायला सांगा, आणि त्यांनी जे सांगितले ते फळ्यावर लिहून त्याचा हिशेब वर्गात करा. हे सगळे मे महिन्याच्या सुट्टीआधी व्हावे. कारण जूनमध्ये पुस्तके नवी असतात, आणि तोवर बंधाऱ्याचे बरगे निघालेले असतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)